लेबर रूममधलं चंद्रग्रहण

प्रसूतिगृहातल्या नर्सचा आणि चंद्राचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. नोकरीला लागले तेव्हा मीही हेच विचारलं असतं. पण सोलापुरातल्या एका धर्मादाय दवाखान्यात, बाळंतपणाच्या वॉर्डात, सारी उमर काढल्यावर एवढं सांगू शकते, की वर्षातून एखाद-दोन दिवस असे यायचे जेव्हा आमच्याकडे डॉक्टरांपेक्षा चंद्राचं जास्त चालायचं.

ग्रहणाच्या दिवशी सकाळपासूनच वॉर्ड ओळखू यायचा नाही. ज्यांना घरी सोडायचं त्या जायला तयार नसत आणि ज्यांनी दाखल व्हायचं त्या येत नसत. ठरलेलं सिझेरियन ग्रहण लागायच्या आत उरकून घ्या किंवा पुढं ढकला, म्हणून नातेवाईक डॉक्टर मॅडमच्या मागे लागत. दुपारनंतर खिडक्यांवर चादरी चढत. पोटुशा बायका पाय लांब करून सरळ पडून राहत. कूस बदलायची नाही, खाजवायचं नाही, काही चिरायचं-कापायचं तर नाहीच. साडीला लावलेली टाचणीसुद्धा काढून ठेवत. पाण्याच्या बाटलीत तुळशीचं पान तरंगत असे, आणि ते पाणीदेखील ग्रहण सुटल्याशिवाय बहुतेकींच्या घशाखाली उतरत नसे.

यातल्या बऱ्याच गोष्टींनी कुणाचं काही बिघडत नाही. सरळ पडून राहिल्याने पाठ दुखते, एवढंच. मला धास्ती असायची ती उपाशी राहण्याची. वैरागची एक बाई होती, गरोदरपणात साखर वाढलेली. तिने सकाळी सवयीने इन्सुलिन घेतलं आणि ग्रहणाचे वेध लागले म्हणून खाल्लं मात्र काहीच नाही. मी फेरीला गेले तर ती घामाने भिजलेली, हात थरथरतायत, बोलणं भलतीकडेच. साखर घसरली होती. मी पेल्यात साखरपाणी कालवलं, तर तिची आई आडवी आली. वाद घालत बसले असते तर पोरगी बेशुद्ध पडली असती. शेजारच्या बाटलीतलं तुळशीचं पान उचललं, पेल्यात टाकलं आणि म्हटलं, "आता चालेल ना?" आई बाजूला झाली. विज्ञानवादी लोकांना हे आवडणार नाही, पण त्या दिवशी ते पान माझ्या बाजूने होतं.

आमचं घर बौद्ध. ग्रहण पाळणं वडिलांनी केव्हाच बंद केलं होतं. भर ग्रहणात आमची आई भाकऱ्या थापायची, आम्ही जेवायचो, आणि याचा मला मोठा अभिमान होता. पुढे एक गंमत लक्षात आली. पाळणारे लोक भीतीने खिडक्या लावून घ्यायचे आणि न पाळणारे आम्ही टीव्हीसमोर बसायचो. प्रत्यक्ष ग्रहण कुणीच बघत नव्हतं. मी तर पन्नाशी ओलांडेपर्यंत पूर्ण चंद्रग्रहण म्हणून डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. ग्रहणात काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. ग्रहणात होतं काय, ते मात्र धड सांगता आलं नसतं.

ते शिकवलं एका पेशंटने. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावात शिकवणाऱ्या भूगोलाच्या बाई होत्या. त्यांची गर्भपिशवीतली वार खाली सरकली होती, म्हणून कित्येक आठवडे त्यांना खाटेवरून हलायची मनाई होती. शिकवायची सवय असलेल्या माणसाला पडून राहायला सांगणं ही शिक्षाच. बाईंनी वॉर्डाचाच वर्ग केला. एका संध्याकाळी त्यांनी एका हातात मोसंबं धरलं, मला एक बोर घ्यायला सांगितलं आणि म्हणाल्या, "हे मोसंबं म्हणजे पृथ्वी. तुमचं बोर म्हणजे चंद्र. आता सांगा, बोर कुठे धरायचं?"

मी ते मोसंब्यापासून वीतभर अंतरावर धरलं. बाई हसल्या. "मागे सरका. अजून मागे." सरकत सरकत मी शेजारच्या खाटेपाशी पोचले तेव्हा म्हणाल्या, "हं, तिथे." इतक्या लांबच्या एवढ्याशा बोरावर मोसंब्याची सावली पडणं म्हणजे ग्रहण. पुस्तकातल्या चित्रात सूर्य, पृथ्वी, चंद्र शेजारी शेजारी काढतात, म्हणून ते सोपं वाटतं. खरं तर ती नेमकी एका रेषेत येणं किती अवघड आहे, हे दोन खाटांमधल्या त्या जागेने मला समजावलं.

पलीकडच्या खाटेवरची एक बाई कान देऊन ऐकत होती. तिने विचारलं, "मंग दर पुनवेला का लागत न्हाई ओ गिरान? पुनवेला तर चंद्र समोरच असतो की."

बाईंचा चेहरा असा खुलला, की जणू त्यांना सुट्टी मिळाली. "हाच खरा प्रश्न!" त्या म्हणाल्या. मग त्यांनी मला बोर थोडं वर धरायला लावलं, मग थोडं खाली. चंद्राची वाट जराशी तिरकी असते. बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून नाही तर खालून निसटून जातो. कधीतरीच नेमका सावलीत शिरतो. त्यानंतर पलीकडच्या खाटेवरच्या त्या बाईने माझ्या हातातलं बोर मागून घेतलं आणि खाऊन टाकलं. तेव्हा वॉर्डात जो हशा पिकला, तो मला अजून ऐकू येतो.

आता मुख्य हकिगत सांगते.

थंडीचे दिवस होते. त्या दिवशीचं ग्रहण संध्याकाळचं होतं. चंद्र उगवायचा तोच ग्रासलेला. कर्नाटकच्या सीमेजवळच्या मैंदर्गीहून महादेवी नावाची पहिलटकरीण दुपारीच कळा सुरू झाल्या म्हणून आली. सोबत सासू नीलव्वा आणि नवरा सिद्धाराम. नीलव्वा उंच, काटक, कपाळभर कुंकू लावलेली, घरात कानडी आणि बाहेर मराठी बोलणारी बाई. सिद्धारामच्या वरच्या ओठावर टाक्यांची जुनी खूण होती. ती झाकायला त्याने दाट मिशी ठेवली होती. जन्मतः ओठ फाटलेला असणार, हे आम्हाला बघताच कळतं.

नीलव्वाने आल्या आल्या एकच विचारलं, "सिस्टर, गिरान सुटायच्या आत बाळंत हुईल का नंतर?"

"ते बाळालाच विचारा," मी म्हटलं. तिला हसू आलं नाही.

दिवस कलायला लागला तरी महादेवीची प्रगती होईना. मी दर थोड्या वेळाने बाळाचे ठोके ऐकत होते. कळ आली की ठोके मंदावतात आणि कळ गेली की पूर्ववत होतात, इथपर्यंत ठीक असतं. पण कळ जाऊनही ठोके वर यायला उशीर लागू लागला, की आमचे कान टवकारतात. त्यात पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट निघालं, म्हणजे बाळाने पोटातच शी केली होती. डॉक्टर मॅडमनी तपासलं आणि वेळ न घालवता सांगितलं, "सिझेरियन. भूल देणाऱ्यांना बोलवा."

महादेवी सज्ञान होती. सही तिची. पण तिने सासूकडे बघितलं आणि म्हणाली, "अत्ती म्हणतील तसं." अत्ती म्हणजे कानडीत सासू.

नीलव्वा दारात उभी राहिली. "आत्ता चाकू लावायचा न्हाई. गिरान सुटू दे, मंग काय पायजे ते करा."

मॅडम रागावल्या. बाळाच्या जिवाचं सांगितलं. सिद्धाराम भिंतीला टेकून खाली मान घालून उभा. मॅडमना मी डोळ्यांनी खुणावलं आणि नीलव्वाला हाताला धरून बाहेरच्या बाकावर नेलं. माझ्याकडे फारसा वेळ नव्हता, तरी ओरडून काम होणार नाही हे दिसत होतं. ही बाई हट्टी नव्हती, घाबरलेली होती.

"कशाची भीती वाटते, ते सांगा," मी म्हटलं.

तिने आतल्या बाजूला, सिद्धारामकडे बोट केलं. "त्येचा ओठ बगितला न्हवं तुमी? ते मी केलंय."

मग तिने सांगितलं. सिद्धाराम पोटात असताना असंच संध्याकाळचं ग्रहण लागलं होतं. घरातले सगळे उपाशी. तिला भूक अनावर झाली. मागच्या अंगणात जाऊन तिने विळीवर एक काकडी कापली आणि गपचूप खाल्ली. पुढे पोरगा जन्मला तो फाटक्या ओठाचा. तिने रडत रडत काकडीचं सासूला सांगितलं. झालं, घरभर, मग गावभर झालं. पोराला मुलं चिडवायची तेव्हा तो आईजवळ येऊन रडायचा, आणि ती त्याला काही सांगू शकायची नाही. तो मोठा झाल्यावर कुठल्याशा शिबिरात त्याचा ओठ शिवला गेला. नणंद अजूनही लग्नाकार्यात तो विषय काढायची.

"एकदा केलं ते बास की सिस्टर. आता नातवाला बी मीच..."

मी विचारलं, "काकडी कापली तेव्हा कितवा महिना होता?"

"सातवा. नुकतंच डोहाळजेवण झालतं."

"नीट आठवतंय?"

"न्हाई आठवायला काय झालं? हिरवी साडी नेसून त्या अंगणात बसले हुते."

मी तिचा हात घट्ट धरला. "नीलव्वा, नीट ऐका. बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यात जुळतो. पोटात काही आहे हे धड कळायच्या आत. जुळायचा राहिला तर तेव्हाच राहतो. सातव्या महिन्यात तुम्ही काकडी कापलीत, त्याच्या कितीतरी आधी सिद्धारामचं तोंड जसं व्हायचं तसं होऊन गेलं होतं."

तिने माझ्याकडे बघत विचारलं, "दुसऱ्या म्हैन्यात?"

"दुसऱ्या. आणि समजा तुम्ही दुसऱ्या महिन्यात कापली असतीत, तरी काही झालं नसतं. सावली आहे ती, तिकडे चंद्रावर पडते. विळीपर्यंत येत नाही."

अजून एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगू की नको, असं मला क्षणभर झालं. बापाचा ओठ फाटलेला असेल, तर बाळाचा तसा असण्याची शक्यता थोडी जास्त असते. सोनोग्राफीत बाळाने हात तोंडावर धरलेला होता, ओठ नीट दिसलेलाच नव्हता. आत्ता मी गप्प बसले आणि बाळ तसंच निघालं, तर ही बाई आणि सारं गाव म्हणणार, बघा, ग्रहणात चाकू लावला. मग माझं बोलणं सगळं खोटं ठरणार. म्हणून सांगितलं. "बाळाचा ओठ बापासारखा असू शकतो. नसेलही. पण असला, तर ते केव्हाच झालंय. आज चाकू लावून ते होणार नाही, आणि थांबून टळणारही नाही. थांबल्याने फक्त बाळाचा जीव जाऊ शकतो."

नीलव्वा उठली. पदराने तोंड पुसलं. आत जाऊन सुनेशी कानडीत दोन वाक्यं बोलली. त्यातलं मला "सही" एवढंच कळलं. महादेवीने सही केली. सिद्धारामला रक्तपेढीत पिटाळलं.

ऑपरेशन थिएटरची माणसं वेगळी असतात. महादेवीला त्यांच्या हवाली केलं आणि माझी ड्यूटी संपली. घरी जायला पाय निघेना. नीलव्वा बाकावर बसायची, उठायची, पुन्हा बसायची. मग म्हणाली, "आता लागलं आसंल न्हवं?"

"लागलं असेल. तुम्ही कधी बघितलंय?"

"न्हाई बाई. आमी कुटं बगतो? घरात कोंडून घेतलेलं."

"मीही नाही बघितलं. चला."

आम्ही जिन्याने गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाक्यांमागे सूर्य नुकताच बुडाला होता. पश्चिमेचं आभाळ तांबूस झालं होतं. आम्ही पूर्वेकडे तोंड करून उभ्या राहिलो. आणि चंद्र दिसेना.

आभाळ स्वच्छ होतं. पूर्वेला घरांच्या वर धुरकट पट्टा होता, पण पौर्णिमेचा चंद्र काही लपून राहणारा नव्हे. मी जराशी खजील झाले. मोठ्या तोऱ्यात हिला वर आणलं आणि आता दाखवायला काही नाही. नीलव्वाने हळूच विचारलं, "समदाच गिळला काय?"

मग मला मोसंबं-बोर आठवलं. "इकडे बघा," मी म्हटलं. "सूर्य आत्ता आपल्या पाठीमागे बुडाला. चंद्र समोर उगवतोय. म्हणजे मधे कोण?"

तिने मागे बघितलं, पुढे बघितलं. पायाखालच्या फरशीकडे बघितलं. "मधी आपुनच की."

"आपण. मैंदर्गी, सोलापूर, सगळी पृथ्वी. आपली सावली समोर पडली आहे आणि चंद्र तिच्यात बुडालेला आहे. उजेड नाही म्हणून तो फिका झालाय, आणि आभाळ अजून उजळ आहे, म्हणून दिसत नाही. अंधार पडू द्या."

खरं सांगायचं तर मी हे तिला सांगत होते तितकंच स्वतःला सांगत होते. चित्रातलं ग्रहण मला कळलं होतं, पण आपणच त्या चित्रात मधोमध उभ्या आहोत, हे त्या गच्चीवर पहिल्यांदा अंगाला जाणवलं. आम्ही दोघी डोळे ताणून बघत राहिलो. खाली रिक्षा वाजत होत्या, कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी होत होती. म्हणजे सगळेच काही उपाशी नव्हते. हळूहळू निळं आभाळ गडद झालं.

"नोडरी, नोडरी!" नीलव्वा एकदम ओरडली. कानडीत, म्हणजे बघा, बघा. "तितं! त्या टावरच्या वरल्या अंगाला!"

मला बराच वेळ दिसेना. मग दिसला. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा, तांबूस-तपकिरी, पूर्ण गोल. नेहमीचा चंद्र ताटलीसारखा चपटा दिसतो. हा मात्र चेंडूसारखा दिसत होता, आभाळात टांगलेला. हात लांब केला तर मुठीत येईल असा.

नीलव्वा कठड्याला धरून बघत होती. भीती कुठल्या कुठे गेली होती. "सावली तर काळी असती की सिस्टर. ह्यो तांबडा कसा?"

चांगला प्रश्न होता, आणि सुदैवाने भूगोलाच्या बाईंनी याचं उत्तर दिलेलं होतं. मी तिला पुन्हा मागे वळवलं. पश्चिमेला तांबूसपणा अजून रेंगाळत होता. "हा उजेड तांबडा का? सूर्य खाली गेला की त्याचा उजेड लांबवरच्या हवेतून येतो, निळा रंग वाटेतच विखरून जातो, तांबडा तेवढा उरतो. तोच उजेड पृथ्वीच्या कडेने वाकून पुढे जातो आणि सावलीत बुडालेल्या चंद्रावर पडतो. जिथे जिथे आत्ता सूर्य मावळतोय किंवा उगवतोय, तिथला तिथला थोडा थोडा."

"मंजे हितला बी?"

"आपला मघाचा मावळतीचा उजेडसुद्धा. तोही त्यात आहे."

ती एकदा मागे बघायची, एकदा पुढे. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना पुष्कळ गोष्टी समजावल्या आहेत, औषध कसं घ्यायचं, बाळाला कसं धरायचं. पण समजलेली गोष्ट माणूस अशी स्वतः पडताळून बघतो, हे क्वचितच पाहायला मिळालं.

एवढ्यात जिन्यातून आयाची हाक आली. "नीलव्वा! मुलगी झाली!"

आम्ही धावत खाली आलो. थिएटरच्या दारात बाळ दुपट्यात गुंडाळलेलं, खणखणीत रडत होतं. तो आवाज ऐकून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. मग दुपटं बाजूला झालं. वरच्या ओठाला डाव्या बाजूला फट होती.

बालरोगतज्ज्ञ सांगत होते, टाळू शाबूत आहे, फक्त ओठच आहे, काही महिन्यांनी छान शिवता येईल. मला ते ऐकू येत होतं, पण मी नीलव्वाकडे बघत होते. वाटलं, आता ही म्हणणार, सिस्टर, तुमी काय सांगितलं आन काय झालं.

तिने एक बोट पुढे केलं आणि बाळाच्या ओठावरच्या त्या फटीला अगदी हलकेच लावलं.

"बापावर गेली गं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी महादेवीला बाळ पाजायला शिकवत होते. अशा बाळाला पाजताना ओठाची फट आईच्या छातीने किंवा अंगठ्याने झाकली जाईल असं धरावं लागतं, नाहीतर हवा शिरते आणि चोखणं जमत नाही. महादेवी शिकत होती, पण डोळ्यांतून पाणी गळत होतं. रात्रभर तिने स्वतःला काय काय विचारलं असेल, कोण जाणे. तेवढ्यात नीलव्वाची नणंद डबा घेऊन आली. तीच नणंद. बाळाचं तोंड बघितलं आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गिरानात चाकू लावल्यावर दुसरं काय हुनार? मागं एकीनं केलं, आता दुसरीनं."

महादेवीने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी काही बोलणार, तोच नीलव्वा खाटेच्या आणि नणंदेच्या मधे येऊन उभी राहिली.

"वन्सं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ओठ दुसऱ्या म्हैन्यात हुतो. दुसऱ्या. तवा हिला सोताला म्हाईत न्हवतं पोटात काय हाय ते. हिनं काई केलं न्हाई." मग जरा थांबून म्हणाली, "आन मी बी केलं न्हवतं."

नणंदेने डबा ठेवला. वॉर्डातल्या सगळ्या बायका आमच्याकडे बघत होत्या. सिद्धाराम दाराशी औषधाची पिशवी घेऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो आत आला आणि आईजवळ थांबला. पिशवी तिच्या हातात देताना त्याने तिचा हात लगेच सोडला नाही, एवढंच मी पाहिलं.

काही महिन्यांनी मुलीचा ओठ शिवला. ते ऑपरेशन दुसऱ्या दवाखान्यात झालं, पण मी बघायला गेले होते. टाके इतके बारीक घातलेले, की नंतर शोधावे लागतील. महादेवी आत बाळाजवळ होती. नीलव्वा आणि मी बाहेर बसलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग तिने, बरेच दिवस मनात घोळत असावं तसं, विचारलं,

"काकडीनं न्हाई, गिरानानं न्हाई. मंग ओठ जुळायचा ऱ्हातो तो कशानं ओ सिस्टर?"

मी म्हटलं, "थोडं रक्तातून येतं, बापाकडून, आजोबाकडून. थोडं आईला त्या दिवसांत काय खायला मिळालं, कुठली औषधं घेतली, त्यावर. पण सगळं अजून कुणालाच नीट माहीत नाही. डॉक्टरांनाही नाही."

मला वाटलं, तिची निराशा होईल. इतकी वर्षं तिच्याकडे एक पक्कं उत्तर होतं. ते मी काढून घेतलं आणि बदल्यात अर्धवट दिलं.

"मंजे अजून बगायचं हाय," ती म्हणाली. मग आतून नात रडल्याचा आवाज आला आणि ती चपला तिथेच सोडून आत गेली.